मुळशीचे पाणी

गेल्या भाद्रपदात, गौरी-गणपतींचे विसर्जन आटोपल्यानंतरच्या रविवारी, नातवंडांच्या आग्रहास्तव आम्हांस मुळशीच्या जलाशयावर जाण्याचा योग आला. पौडचा रस्ता आम्हांस नवा नव्हे. परंतु ज्या रस्त्याने एके काळी क्वचित एखादी एस.टी. जाताना दिसे, त्यावर आता मोटारींची अशी रांग लागली होती, की आम्ही पायी निघालो असतो तरी फारसे मागे पडलो नसतो. पाण्याच्या काठी पोचल्यावर मात्र सर्व शीण गेला. डोंगरांच्या अंगावरून पांढरे ओघ उतरत होते, खाली दूरवर पाणी पसरले होते, आणि रस्त्याच्या कडेस भाजलेली कणसे, कांदाभजी व चहा यांचा बाजार भरला होता. काठच्या विश्रामस्थानांपैकी एकाचे एका रात्रीचे भाडे चिरंजीवांनी सहज सांगितले. आमचे नोकरीतील पहिल्या वर्षाचे वेतन त्यात दोनदा मावले असते.

आमची धाकटी नात पाण्याकडे पाहून म्हणाली, "आजोबा, हे तळे कोणाचे?" थोरल्या नातवाने तत्काळ उत्तर दिले, "सरकारचे. आणखी कोणाचे असणार?" आम्ही म्हटले, "सरकारचे नव्हे; टाटांच्या वीज कंपनीचे." यावर दोघांनीही आमच्याकडे अविश्वासाने पाहिले. एवढ्यात कणसे आली आणि मुलांचा प्रश्न तेथेच संपला. आमचा मात्र संपला नाही. म्हणून या महिन्याचे पान त्यासच देण्याचे योजिले आहे.

मुठेच्या खोऱ्यातील खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे पुणेकरांच्या तोंडी नित्य असतात. ती सरकारची. त्या चारींत मिळून सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट, पाणी साठते. मुळशीचे एकटे धरण १८ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी धरते. तथापि त्याची चर्चा पुण्याच्या ओट्यावर क्वचितच होते, कारण ते पाणी पुण्याच्या नळास येत नाही. नीला व मुळा या नद्यांच्या संगमापाशी सुमारे दीड किलोमीटर लांबीची आणि सुमारे ४९ मीटर उंचीची दगडी भिंत घालून हा जलाशय केलेला आहे. वस्तुतः मुळा ही पूर्ववाहिनी. तिचे पाणी भीमेस, भीमेचे कृष्णेस आणि कृष्णेचे बंगालच्या उपसागरास मिळावयाचे. परंतु येथे ते अडवून, सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेस नेऊन, कोकणात भिरा येथील वीजगृहावर सुमारे ५०० मीटर खाली सोडलेले आहे. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांस गेली, आणि यंत्रे फिरवून उतरलेले पाणी कुंडलिका नदीस मिळून अरबी समुद्राच्या वाटेस लागले. कोलाडच्या बाजूस हल्ली तरुण मंडळी रबरी होड्यांतून उसळत्या पाण्यावर स्वार होण्याचा खेळ खेळतात, तो याच सोडलेल्या पाण्याच्या बळावर. म्हणजे एकाच पाण्यावर घाटमाथ्यावर सहल होते आणि घाटाखाली साहस होते.

धरणाच्या भिंतीविषयी चार शब्द सांगितल्यावाचून आमच्यातील शिक्षकास स्वस्थता लाभणार नाही. पुष्कळांची अशी समजूत असते की, मागे पाणी जितके दूरवर पसरले असेल, तितका भिंतीवर भार अधिक. हे खरे नव्हे. पाण्याचा दाब केवळ खोलीवर अवलंबून असतो. मागे पाव कोस पाणी असो वा पाच कोस, भिंतीस ते सारखेच. दर मीटर खोलीस दर चौरस मीटरवर एक टन, या हिशेबाने ४० मीटर खाली प्रत्येक चौरस मीटरवर ४० टनांचा रेटा बसतो. म्हणूनच भिंत वर अरुंद आणि खाली अतिशय रुंद बांधतात. तीस कोणताही टेकू नसतो. ती केवळ स्वतःच्या वजनाने जागेवर बसलेली असते, जसा स्वयंपाकघरातील पाटा. पाण्याची आणखी एक खोडी आहे. ते भिंतीच्या पायाखाली शिरून तीस खालून वर उचलू पाहते. ही गोष्ट फ्रान्सातील बूझे येथील दगडी धरण १८९५ साली फुटून ऐंशींहून अधिक माणसे वाहून गेल्यावर जगाच्या नीट ध्यानात आली. मुळशीची भिंत त्यानंतरची. दगडी भिंतीचे मरण म्हणजे काय हे पुणेकरांनीही पाहिले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि तो लोंढा येऊन खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही कोसळली. आम्ही तेव्हा पाळण्यात होतो. परंतु 'पूर' हा शब्द आमच्या मातोश्री आमरण एकाच अर्थाने उच्चारीत. मुळशीची भिंत मात्र शतक होत आले तरी जागची हललेली नाही, आणि तिच्या बांधणाऱ्यांच्या कौशल्यास हा मान दिलाच पाहिजे.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. तळे कोणाचे?

आमच्या धर्मशास्त्रात विहीर, तलाव, धर्मशाळा बांधणे, झाडे लावणे यांस 'पूर्त' असे नाव आहे. यज्ञयागादी 'इष्ट' आणि लोकोपयोगी बांधकाम हे 'पूर्त'. परंतु तळे नुसते बांधून पूर्त होत नाही. त्यासाठी तडागोत्सर्ग नावाचा विधी सांगितलेला आहे. त्यात यजमान आपल्या खर्चाने बांधलेल्या तळ्यावरील स्वामित्व सोडून ते पाणी सर्व भूतांस अर्पण करतो; माणसांस, गुरांस, पाखरांस. उत्सर्ग झाला नाही तर तळे राहते, पुण्य राहत नाही. शाळेत संस्कृत शिकविताना हा भाग आम्ही मोठ्या अभिमानाने सांगत असू. मुळशीच्या काठी उभे राहिल्यावर तो अभिमान थोडा अवघड वाटू लागला, आणि तो टाटांमुळे नव्हे.

टाटांची जलविद्युत योजना प्रथम १९१० साली लोणावळ्याच्या बाजूस निघाली. त्यानंतर आंध्र खोऱ्यात. आणि १९१९ साली स्थापिलेल्या तिसऱ्या कंपनीने मुळशी पेट्यातील हे खोरे हाती घेतले. भाताची जमीन उत्तम. या तालुक्याचा आंबेमोहोर आपल्या घरांतून सणावारी अजून शिजतो. पेज आजारी माणसास द्यावयाची तीही त्याचीच. अशी खाचरे आणि पन्नासाच्या आसपास गावे पाण्याखाली जावयाची होती. माणसे दहा-अकरा हजार. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये ही जमीन कंपनीसाठी सक्तीने घेऊन देण्याचे ठरविले. बाजारभाव, त्यावर सक्तीबद्दल शेकडा १५, की झाले. मालकाची संमती हा विषय त्या कायद्यात नव्हता. (तो कायदा १ जानेवारी २०१४ पासून इतिहासजमा झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर शेकडा ८० बाधित कुटुंबांची संमती हवी, असे त्याच्या जागी आलेल्या २०१३ च्या कायद्यात लिहिले आहे. मुळशीकरांस हे कलम सुमारे नव्वद वर्षे उशिरा मिळाले.)

१९२१ साली रामनवमीस, १६ एप्रिल रोजी, मावळ्यांनी कामाच्या जागी जाऊन बसण्यास आरंभ केला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी. 'सेनापती' ही उपाधी त्यांस याच लढ्यातून चिकटली. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव आदी मंडळी त्यांच्यासमवेत होती. गांधीजींनी 'यंग इंडिया'त लिहून, टाटांनी कायदेशीर हक्कावर न बसता लोकांशी बोलून समजूत घालावी, अशी अपेक्षा प्रकट केली. काम काही महिने थांबले, पुन्हा सुरू झाले. मावळ्यांच्या स्त्रियाही तुरुंगात गेल्या. १९२४ च्या अखेरीस, सर्व उपाय थकल्यावर, सेनापती बापटांनी कंपनीच्या कामाची आगगाडी शस्त्रानिशी अडविली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. तोवर लढा मोडलेलाच होता.

तो का मोडला, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत कधी नव्हते. बंदुकीने मोडला असे म्हणावे, तर मावळा बंदुकीस भ्याला नाही. त्या खोऱ्यातील बरीचशी जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली होती, वा त्यांच्या नावे चढलेली होती. नांगर मावळ्याचा, सातबारा सावकाराचा. हे सावकार बहुतांशी आपल्याच ज्ञातीचे, आपल्याच पेठांतले. प्रारंभी तेही धरणाविरुद्ध होते. परंतु चांगला मोबदला मिळेल असे दिसू लागताच त्यांचे मत पालटले, आणि पुण्यातील पुढाऱ्यांची भाषाही 'धरण नको' येथून 'मोबदला योग्य हवा' येथवर आली. कायदा असा की, जमिनीत ज्याचा हक्क त्यास पैसे. गहाण असेल तर आधी धनकोचे कर्ज फिटावयाचे. म्हणजे सावकारास न बुडणारे पैसे हाती पडले, कंपनीस जमीन मिळाली, आणि कसणाऱ्यास त्याचे कर्ज फिटल्याचे समाधान. हे सर्व पूर्णतः कायदेशीर होते. त्या लढ्यात तुरुंगात गेलेले बापट व भुस्कुटे हेही ब्राह्मणच होते, हे सांगून आपली सुटका करून घेण्याचा मोह होतो, आम्हांसही झाला.

त्या मोहास आड येतो तो आमच्या घरातील एक कागद.

आमच्या मातोश्रींच्या पश्चात जी एक पत्र्याची पेटी आमच्याकडे आली, तीत तिच्या आजोबांच्या हातचे मोडीतील काही कागद आहेत. मोडी आम्हांस वाचता येते. एका सुटीत ते वाचून काढले. त्यांत मुळशी पेट्यातील एका गावच्या गहाण जमिनींची यादी आहे आणि समासात, वेगळ्या शाईत, मोबदला पोचल्याची नोंद. रकमेचा आकडा येथे देत नाही. त्या पैशातून वाड्याचा पश्चिमेकडचा सोपा बांधला गेला, आणि त्याच सोप्यात आमच्या मातोश्रींचा जन्म झाला, एवढे तिच्याच तोंडून लहानपणी ऐकले होते. पैसा कोठून आला हे तिने कधी सांगितले नाही, बहुधा तिलाही ते ठाऊक नसावे. ही यादी आम्ही वाचून पुन्हा पेटीत ठेवून दिली होती. बारा वर्षे झाली.

त्या रविवारी चहा देणाऱ्या वृद्ध गृहस्थांस आम्ही सहज विचारले, अमुक गाव कोठे? त्यांनी हातातील गाळणी तशीच धरून पाण्याकडे पाहिले.

"त्ये व्हय? हितंच की, गुरुजी. खाली." मग डोंगराच्या कडेस दिसणाऱ्या काही घरांकडे बोट करून म्हणाले, "उठलेली मान्सं वर जाऊन ऱ्हायली. माझी सासुरवाड तिथलीच. तुमी का इचारता?"

आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही. नीटसे दिले नसावे. चिरंजीव परतीच्या वाटेवर म्हणाले, "बाबा, शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टी. आपण काही कोणाची जमीन घेतली नाही." हे खरे आहे. सूनबाई काही वेळाने म्हणाल्या, "घेतली नाही; पण सोपा होता ना." आमच्या सूनबाई थोडे बोलतात.

दसऱ्यानंतर, एकादशीस, आम्ही त्या यादीची बालबोध नक्कल करून एकटेच एस.टी.ने गेलो. चहावाल्या गृहस्थांनी आपल्या नातवास बरोबर दिले. वरची वस्ती म्हणजे पंधरा-वीस घरे. तेथे जे ऐकले ते सांगण्यास संकोच वाटतो; कारण ते आम्हांस आजवर ठाऊक नसावे ही आमचीच उणीव. घरे उभी आहेत. परंतु घराखालची जमीन कंपनीच्या नावे आहे, असे तेथील लोक सांगतात. जमीन नावावर नाही म्हणून घरकुलाची योजना अडते, रस्ता अडतो, समाजमंदिर बांधावयाचे तरी परवानगी कोणाची हा प्रश्न पडतो. समोर एवढे पाणी, आणि उन्हाळ्यात हंडे डोक्यावर. जलाशयाच्या काठी अशा वाड्या आणखीही आहेत. पुण्यास या धरणातून पाणी मिळावे ही मागणी वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळते, व तीत अन्याय्य असे काही नाही. परंतु ती वाचताना या वाड्यांचा उल्लेख आम्ही कधी वाचल्याचे स्मरत नाही. कंपनीची भिंत सरकारने उद्या आपल्या ताब्यात घेतली, तरी हंडा तसाच राहील की काय, असे आम्हांस तेथे बसल्या बसल्या वाटून गेले.

ज्यांच्यासाठी आम्ही गेलो होतो त्या आजीबाई ओसरीवर तांदूळ निवडीत होत्या. वय नव्वदीच्या घरात. धरण त्यांनी होताना पाहिलेले नाही. त्यांच्या सासूबाईंनी पाहिले. आम्ही कागद काढला, आपण कोण हे सांगितले, काहीही आडपडदा न ठेवता. सांगताना घसा कोरडा पडला होता. आजीबाईंनी ऐकून घेतले आणि नातसुनेस म्हणाल्या, "गुरुजींना च्या ठेव." मग आम्हांस, "वाचा बघू."

आम्ही यादी वाचू लागलो. ती सर्व्हे नंबरांची नव्हती. त्या काळी शेतास नाव असे, आणि आमच्या पणजोबांनी नावेच लिहिली आहेत. वडाखालचे खाचर. लांबोळी. देवाचा दांड. तिसऱ्या नावास आजीबाईंचे हात तांदळात थांबले. चवथे नाव आम्ही उच्चारण्यापूर्वी त्यांनीच सांगितले: "कोकणी मळी." कागदावर तेच होते. सासूबाई जात्यावर बसल्या की दळता दळता शेतांची नावे घेत, म्हणून सुनेसही ती पाठ झाली. ज्यांवर एकदाही पाऊल ठेवले नाही, त्या शेतांची.

"पुढं?"

"गव्हाळी," आम्ही म्हटले. यादी तेथे संपते.

"पाचच?" आजीबाई बोटांवर मोजू लागल्या. "सात हुती, गुरुजी. दोन ऱ्हायली की. आवळीचं खाचर आन् नव्याची."

आम्ही कागद पालटून पाहिला. मागे कोरा होता. त्या दोन शेतांचे काय झाले, ती दुसऱ्या कोणाकडे गहाण होती, की त्यांची स्वतःची राहून त्यांचा मोबदला घरी आला, हे आजीबाईंस सांगता येईना. नातू, जो पौडास नोकरी करतो, त्याने मात्र नीट विचारले, की या कागदावर तारीख आहे काय, कुळाचे नाव आहे काय, आणि मूळ मोडी कागदाची छायाप्रत मिळेल काय. वस्तीच्या जमिनीचे प्रकरण चालू आहे, कोणताही जुना कागद उपयोगी पडतो. कुळाचे नाव आहे. आम्ही त्यास मूळ कागदच देऊ केला. तो म्हणाला, "मूळ तुमच्याकडंच ठेवा गुरुजी, लागला तर साक्षीला तुम्ही या." आम्ही येईन म्हणून सांगितले आहे.

निघताना आजीबाईंनी शेरभर तांदूळ फडक्यात बांधून दिले. घ्यावे की न घ्यावे, हे आम्हांस क्षणभर सुचेना. घेतले. घरी त्या आठवड्यात त्यांचा भात झाला. वास वाड्याच्या जिन्यापर्यंत आला होता.

पेटीत अजून एक पुडके आहे. त्यास वाळवी लागलेली असून पाने एकमेकांस चिकटली आहेत. म्हणून आजवर ते उलगडले नव्हते. भारत इतिहास संशोधक मंडळात अशा कागदांची हाताळणी जाणणारी माणसे आहेत; त्यांस दाखवून ते या पौषात उलगडावयाचे ठरविले आहे. आवळीचे खाचर आणि नव्याची ही दोन नावे आम्ही पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस खडूने लिहून ठेवली आहेत.